अण्णांची फ्लॉपी

दिवाळीची आवराआवर ही मोठी विलक्षण गोष्ट आहे. वर्षभर शोधून जे सापडत नाही ते त्या चार दिवसांत आपोआप हाती लागते. आणि ज्याची आठवणही उरलेली नसते असेही काही पुढे येऊन उभे राहते. गेल्या वर्षी आमच्या चिंचवडच्या घरी माळा आवरताना चकलीच्या सोऱ्यामागे श्रीखंडाचा एक प्लॅस्टिकचा डबा सापडला. सोऱ्याच्या हरवलेल्या ताटल्या त्यात असतील, अशा आशेने आईने तो उघडला. आत वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली एक काळी चौकोनी फ्लॉपी होती. तिच्यावर चिकटवलेल्या पांढऱ्या पट्टीवर अण्णांच्या ठसठशीत अक्षरात लिहिले होते : ‘आठवणी. प्रकरण १ ते ९. जपून ठेवणे.’

अण्णा म्हणजे माझे वडील. पाटण तालुक्यातल्या डोंगरकपारीतले आपले गाव सोडून ते १९६७ च्या उन्हाळ्यात पिंपरीला आले. हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना तेव्हा सुरू झालेला होता, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ सालीच झाली होती आणि माळरानावर एकामागून एक शेडी उभ्या राहत होत्या. पिंपरी-चिंचवडला नगरपालिका मिळाली १९७० साली, महानगरपालिका झाली १९८२ साली. अण्णा या दोहोंच्या आधीचे नागरिक. छत्तीस वर्षे एकाच कारखान्यात लेथवर उभे राहून २००३ साली ते निवृत्त झाले, आणि दुसऱ्याच महिन्यात त्यांनी एक वेड घेतले. चिंचवड स्टेशनजवळच्या एका काँप्युटर क्लासात, नातवांच्या वयाच्या मुलांशेजारी बसून, ते मराठी टंकलेखन शिकू लागले.

त्यांनी आपल्या आठवणी आधी दोनशे पानी वह्यांत लिहिल्या होत्या. मग रोज संध्याकाळी दोन पाने काँप्युटरवर चढवायची, असा नेम चालला. एक वही पुरी चढली की ती रद्दीत जाई. आई हळहळे. अण्णा म्हणत, “अगं, वहीला वाळवी लागते. काँप्युटरला काय लागणार?” २०११ साली ते गेले. पुढल्या वर्षी तो काँप्युटर आम्ही जुन्याच्या बदल्यात नवा घेताना देऊन टाकला. त्यातली कागदपत्रे काढून घ्यावीत हे घरातल्या एकाही सुशिक्षित माणसाला सुचले नाही. त्या माणसांत मीही आले.

म्हणून ती फ्लॉपी हातात घेतली तेव्हा माझ्या छातीत धडधडले. तिच्यात फार तर दीड मेगाबाइट मावणार. आजच्या मोबाइलमधल्या एका छायाचित्रालाही ती पुरणार नाही. पण मजकूर किती थोड्या जागेत बसतो! एका माणसाचा शहरातला जन्म तिच्यात सुखाने झोपला होता.

अडचण पहिली : फ्लॉपी घालावयाची कुठे? आताच्या लॅपटॉपला तसली फट नसते. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत म्हणून वसलेल्या पिंपरी कॅम्पात जे मिळत नाही ते जगात मिळत नाही, अशी आमच्याकडे समजूत आहे. तिथल्या एका दुरुस्तीवाल्याने दुकानाच्या मागच्या फळीवरून धूळ खाणारा एक बाहेरून जोडण्याचा ड्राइव्ह काढला. घरघर, खडखड असा पीठगिरणीसारखा आवाज झाला आणि पडद्यावर नऊ फायली ओळीने उभ्या राहिल्या. त्यांतल्या शेवटच्या दोन उघडेनात. तेवढा भाग खराब झाला होता. सात मात्र शाबूत होत्या. मी त्या पेनड्राइव्हवर घेऊन घरी आले. आई चष्मा पुसून तयारच बसली होती. “वाच,” ती म्हणाली.

मी पहिले प्रकरण उघडले. पडद्यावर इंग्रजी अक्षरे होती, मध्येच डॉलरचे चिन्ह, कंस, आकडे, डोक्यावर टोपी घातलेले ए आणि ओ, आणि पुन्हा अक्षरे. एकही शब्द इंग्रजी नव्हता आणि एकही शब्द मराठी नव्हता. दाण्यांच्या डब्यात पत्त्यांचा जोड आणि सुतळीचे गुंडे ओतावेत तसा तो मजकूर दिसत होता. वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवते आहे. मोडीतली कागदपत्रेही थोडीफार वाचते. आणि माझ्या स्वतःच्या वडिलांनी शुद्ध मराठीत लिहिलेले एक वाक्य मला वाचता येईना.

“काय लिहिलंय?” आईने विचारले.

“कळत नाही,” मी म्हणाले. त्या दिवशी चकल्या तशाच राहिल्या.

वाचकहो, संगणकावर मराठी लिहिताना कुणाचे डोके फिरले नाही? आमच्या स्टाफरूममध्ये हा रोजचा विषय आहे. पूर्वी आम्ही परीक्षेच्या पेपरांच्या गठ्ठ्यांविषयी कुरकुरत असू. आता प्रश्नपत्रिका टाइप करण्याविषयी कुरकुरतो. घरी सुबक दिसणारा मजकूर ऑफिसातल्या यंत्रावर नेला की काने-मात्रे भलतीकडे लोंबू लागतात. एखाद्या मात्रेला धरायला व्यंजन मिळाले नाही की तिच्याखाली टिंबांचे एक केविलवाणे वर्तुळ उमटते. शुद्धलेखन तपासणारी सोय चालू ठेवावी तर पानभर लाल रेघा. ‘घर’ तिला ठाऊक असते; पण घराने, घरापासून, घरांतल्यांनासुद्धा, असे आपले प्रत्ययांचे गोतावळे निघाले की ती गांगरते. ‘ॲ’ची तर आणखी गंमत आहे. कुणी तो अ आणि वरचा चंद्र असा दोन तुकड्यांनी लिहितो, कुणी एकसंध. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. शोधायला सांगितले की यंत्र म्हणते, असा शब्दच या मजकुरात नाही. आमचे वयस्क लेखनिक जुन्या टाइपरायटरच्या सवयीने लिहितात, मी उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांतून लिहिते आणि विद्यार्थी मोबाइलला बोलून सांगतात. तिघांची मराठी एका प्रश्नपत्रिकेत आली की तिचे कडबोळे होते.

आजवर मी हे सारे गमतीत घेत असे. अण्णांची फाइल समोर उघडी पडल्यावर मात्र त्यातली गंमत गेली. हे असे का होते, ते मला जाणून घ्यावयाचे होते.

आणि ते मला समजावून दिले ते माझ्याच एका विद्यार्थ्याने. हा मुलगा मराठवाड्यातला. चाकणला एका कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून सुट्या भागांच्या गोदामात काम करतो आणि तिसरी पाळी संपवून, मोशीमार्गे बस पकडून, सकाळच्या एम. ए. च्या तासाला येतो. पुष्कळदा तासाला पेंगतोही. मी त्याला बोलत नाही. चाकण म्हटले की माझ्या पिढीला संग्रामदुर्ग, १६६० साली शाएस्तेखानाशी झुंजणारा फिरंगोजी नरसाळा आणि कांद्याचा बाजार आठवतो. त्याच्या पिढीला मोटारींचे कारखाने आणि पाळीचे वेळापत्रक आठवते. मी त्याला ती फाइल दाखवली. त्याने डोळे चोळले, पडद्याकडे पाहिले आणि म्हणाला, “मॅडम, हे तर पार्ट नंबरचं लफडं आहे.”

त्याचे म्हणणे असे. गोदामात कुणी वस्तू ओळखत नाही, नंबर ओळखतात. ६५ नंबर मागितला की ६५ च्या खान्यातून जे निघेल ते गाडीला बसते. आता समजा, सगळ्या जगाने ६५ नंबर बोल्टला दिला आहे आणि एखाद्या पुरवठादाराने आपल्या सोयीसाठी त्याच ६५ च्या खान्यात नट भरून ठेवले. त्याच्या गोदामात सारे सुरळीत चालेल. पण तोच कागद दुसऱ्या गोदामात गेला की नटाच्या जागी बोल्ट येणार.

संगणकाचे नेमके हेच आहे. त्याला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. १९६३ साली अमेरिकेत जे कोष्टक ठरले त्यात इंग्रजीतल्या मोठ्या ‘ए’ला ६५ हा क्रमांक मिळाला, आणि तो आजही तोच आहे. त्या कोष्टकात जागा सगळ्या मिळून १२८. पुढे सोयीने त्या २५६ केल्या गेल्या. मराठीला तिथे पाटच मांडलेला नव्हता. मग आपल्याकडे घरोघरी छपाई करणाऱ्या डीटीपीच्या दुकानांसाठी फॉन्ट करणाऱ्यांनी युक्ती काढली. खान्याचा क्रमांक इंग्रजीचाच ठेवायचा आणि आतले चित्र तेवढे बदलायचे. ‘ए’च्या खान्यात कुणी काना ठेवला, कुणी अर्धा म, कुणी वेलांटी. प्रत्येकाचा हिशेब निराळा. तो फॉन्ट यंत्रात आहे तोवर डोळ्यांना मराठी दिसते. फॉन्ट गेला की इंग्रजी खाने उघडे पडतात. म्हणजे अण्णांनी दोन वर्षे खपून जे लिहिले ते, यंत्राच्या दृष्टीने, मराठी कधी नव्हतेच. ती मराठीसारखी दिसणारी चित्रे होती.

यात त्या फॉन्टकारांना दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. देवनागरीला यंत्रात बसवणे हा फार जुना झगडा आहे. इंग्रजी मजकूर जुळवणाऱ्याच्या पुढ्यातल्या पेटीत शंभर-सव्वाशे घरे असली की भागे. आपल्या जुळाऱ्याला जोडाक्षरे, काने, मात्रे, रफार मिळून कित्येकशे खिळे सांभाळावे लागत. खिळे कमी व्हावेत म्हणून मोठमोठ्या माणसांनी डोकी झिजवली. सावरकरांनी ‘इ’, ‘उ’, ‘ए’ ही स्वतंत्र अक्षरे टाकून अ लाच वेलांट्या, उकार आणि मात्रा लावण्याची बाराखडी पुरस्कारली, आणि ‘किर्लोस्कर’ मासिकाच्या जुन्या अंकांतून ती वाचलेली मंडळी अजून असतील. पुढे टाइपरायटर आला. त्याला कळा जेमतेम चाळीस-पंचेचाळीस, एकेकीवर दोन खुणा. तेव्हा अक्षरे मोडून लिहिणे भाग पडले : अर्धा म मारायचा, मग काना मारायचा, की झाला म. ‘कि’ लिहायचे तर आधी वेलांटी, मग क. कारण कागदावर वेलांटी डावीकडे दिसते. गंमत पाहा, डोळ्याला आधी वेलांटी लागते, पण जिभेला आधी क लागतो. टाइपरायटरने डोळ्याचे ऐकले. जुन्या फॉन्टांनीही तीच परंपरा चालवली.

जिभेचे ऐकणारी व्यवस्था उभी राहत होती, आणि तिचा मोठा भाग आमच्या शेजारी, पुण्यातच, घडला. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली इन्स्क्रिप्ट हा कळफलक ठरवला. त्यात सर्व भारतीय लिप्यांचा क एकाच कळेवर असतो, आणि ‘कि’ लिहिताना आधी क, मग वेलांटी. भारतीय लिप्यांचे सामाईक कोष्टक १९८८ साली झाले आणि १९९१ साली सुधारून प्रमाण ठरले. १९८८ सालीच पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. महासंगणकासाठी तिचे नाव गाजले, पण भारतीय भाषा संगणकावर आणण्याचे कामही तिने मोठे केले. १९९१ साली जगातल्या सर्व लिप्यांसाठी युनिकोड हे एक कोष्टक प्रसिद्ध झाले आणि त्यात देवनागरीला २३०४ पासून २४३१ पर्यंत अशा १२८ जागा हक्काच्या मिळाल्या. आपला अ २३०९, क २३२५, ळ २३५५. हे क्रमांक दुसऱ्या कुणाचे नाहीत. चिंचवडमध्ये लिहिलेला २३२५ शिकागोतही क असतो.

क्रमांक हा देह आणि फॉन्ट हे कपडे, असे मी आता वर्गात सांगते. मराठी ल आणि हिंदी ल वेगळ्या वळणाचे दिसतात. पण क्रमांक एकच, कपडे निराळे. आपल्या वळणाचे ल आणि श वापरावेत असा शासननिर्णय ६ नोव्हेंबर २००९ रोजी निघाला, तो या कपड्यांविषयीचाच. विंडोजबरोबर घरोघरी पोचलेला ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट कुणी काढला, ठाऊक आहे? कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. शाईच्या कुंचल्याने अक्षर घडवणाऱ्या माणसाच्या हातून ते यंत्रात गेले, ही मला फार समाधानाची गोष्ट वाटते.

मग १९९१ साली जागा मिळूनही अण्णांनी २००५ साली जुन्या फॉन्टात का लिहिले? कारण क्लासात तेच शिकवत होते. क्लासात तेच शिकवत, कारण डीटीपीच्या दुकानांत तेच चाले. दुकानांत तेच चाले, कारण पाने मांडण्याच्या त्या वेळच्या प्रचलित सॉफ्टवेअरला युनिकोडची देवनागरी धड मांडता येत नव्हती. ही साखळी तुटायला बरीच वर्षे गेली. आणि त्या वर्षांत आमच्या या पट्ट्यात किती लिहिले गेले असेल! सातारा, सांगली, खानदेश, मराठवाडा, कोकण इथून माणसे आली आणि २०११ च्या जनगणनेत शहर सतरा लाखांवर गेले. त्यांच्या कामगार संघटनांची पत्रके, कारखान्यांच्या घरपत्रिका, गणेश मंडळांच्या स्मरणिका, सोसायट्यांचे अहवाल, निवृत्त माणसांच्या आठवणी. इतिहासकार ज्यावर एखाद्या शहराची गोष्ट उभी करतो ते सारे साहित्य बहुधा याच फॉन्टांत, कुणाच्या तरी माळ्यावर, डब्यात पडलेले आहे. २०१६ च्या जानेवारीत एकोणनव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरी-चिंचवडला भरले, तेव्हा मीही मांडवात बसून टाळ्या वाजवल्या. आमच्याच माळ्यावर एक अप्रकाशित ग्रंथ आहे याचा मला पत्ता नव्हता.

आता अण्णांच्या फाइलकडे वळते. चिंचवडगावातल्या एका डीटीपीवाल्यांनी जुन्या गिऱ्हाइकांसाठी एक म्हातारे यंत्र अजून चालू ठेवले आहे. सात-आठ फॉन्ट लावून पाहिल्यावर नवव्याला पडदा एकदम मराठी झाला. पहिली ओळ दिसली : ‘माझा जन्म गवताच्या छपराखाली झाला.’ मी तिथेच खुर्चीवर बसले.

पण ते नुसते दिसणे होते. खरे मराठी करण्यासाठी प्रत्येक खान्याचा खरा क्रमांक शोधणे भाग होते. माझ्या विद्यार्थ्याने कागदावर दोन रकाने आखले : डावीकडे पुरवठादाराचा नंबर, उजवीकडे जगाचा. तीन रविवार आम्ही तेच करीत होतो. वेलांटी व्यंजनाच्या आधी होती ती मागे न्यायची, रफार अक्षरानंतर होता तो पुढे आणायचा, म आणि काना एकत्र करायचे. मग त्याने लिहिलेल्या छोट्या आज्ञावलीतून सात प्रकरणे भराभर बाहेर पडली. त्या रात्री आईला मी वाचून दाखवायला बसले.

चौथे प्रकरण कोयनेच्या भूकंपाचे. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. अण्णांना पिंपरीला येऊन वर्षही झाले नव्हते. चाळीतली भांडी वाजली, माणसे बाहेर आली, पुन्हा झोपली. कोयनानगर उद्ध्वस्त झाल्याची आणि शे-दीडशेहून अधिक माणसे गेल्याची बातमी मागाहून आली. अण्णा एस. टी. ने कऱ्हाडपर्यंत आणि तिथून मिळेल त्या वाहनाने, पुढे चालत, गावी पोचले. मी वाचत होते : ‘रात्रभर दर्यांतून गडगडाट येत होता…’

“थांब,” आई म्हणाली. “दर्या कुठला आला? पाटणला काय समुद्र आहे?”

मी पडद्यावर पाहिले. ‘दर्यांतून’ असेच होते. आमच्या दोन रकान्यांत एक खाना चुकला होता. य च्या डोक्यावर रफार होऊन न चढता शेजारी आडवा राहणारा जो खास मराठी र आहे, तो आम्ही रफारातच जमा केला होता, आणि माझ्या वडिलांच्या गावच्या दऱ्यांचा दर्या झाला होता. हा र मराठीला किती आवश्यक आहे, ते शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर ‘आचार्यास दक्षिणा दिली’ आणि ‘आचाऱ्यास दक्षिणा दिली’ अशी दोन वाक्ये लिहिते, मुले हसतात. युनिकोडात त्याची सोय आहे. २३५३ क्रमांकावर खाली टिंब असलेला ऱ आहे, तो मुळात द्राविडी भाषांतल्या एका उच्चारासाठी नोंदलेला. त्याचे अर्धे रूप म्हणजे आपला दऱ्यातला र. पण ती सोय न जाणणाऱ्या यंत्रांनी आणि माणसांनी किती वाऱ्यांचे ‘वार्या’ आणि शेतकऱ्यांचे ‘शेतकर्या’ केले आहेत! ‘वार्या’ असा शब्द नाही, म्हणून तो यंत्राला सांगून दुरुस्त करता येतो. ‘दर्या’ मात्र आहे. तिथे दरी की समुद्र हे ज्याने गाव पाहिले आहे त्यालाच कळते.

आईने सुधारलेले ते वाक्य मी पुन्हा वाचले आणि पुढे गेले. पुढे अण्णांनी लिहिले होते, की पडलेल्या भिंतीखाली त्यांची नऊ वर्षांची धाकटी बहीण गेली. तिचे नाव त्यांनी लिहिले होते. ते माझे नाव आहे.

मी आईकडे पाहिले. ती म्हणाली, “लग्न झालं तेव्हा एकदा सांगितलं होतं मला. पुन्हा कधी बोलले नाहीत. तुझ्या बारशाला नाव त्यांनीच काढलं.” बोलता न आलेली गोष्ट त्यांनी टाइप केली होती, एकेक कळ शोधून, आणि एका फॉन्टापायी ती आमच्यापर्यंत पोचायला वीस वर्षे लागली. ती मुळीच पोचली नसती, तरी काय हुकले ते आम्हाला कधी कळलेही नसते.

चाकणवरून नाशिकच्या रस्त्याने जुन्नरकडे जावे आणि पुढे नाणेघाट गाठावा. तिथल्या लेण्यात सातवाहनांच्या काळातला दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा या लेखाचे नाव पुष्कळांच्या तोंडी होते. यंदा मी विद्यार्थ्यांना तिथे नेले. दगडाचे काय टिकले आहे, असे सगळेच म्हणतात. पण मधली कित्येक शतके ती अक्षरे डोळ्यांसमोर असूनही कुणाला वाचता येत नव्हती. त्या ब्राह्मी लिपीचा उलगडा जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास केला. दगड शाबूत होता. हरवला होता तो कोणत्या खुणेचे कोणते अक्षर याचा तक्ता. फ्लॉपी आणि शिळा यांचे दुखणे एकच आहे. नुसते जपून ठेवणे पुरत नाही. वाचायचे कसे, तेही बरोबर ठेवावे लागते.

म्हणून या दिवाळीत माळा आवरताना वाचकांनी एवढे करावे. जुनी फ्लॉपी, सीडी, पेनड्राइव्ह सापडली तर फेकू नये. मजकूर अगम्य दिसला तरी फाइल पुसू नये; कोणत्या फॉन्टात लिहिले होते ते कुणाला आठवत असेल तर कागदावर टिपून ठेवावे, आणि जुन्या यंत्रातून तो फॉन्टही काढून घ्यावा. त्या फॉन्टात मजकूर दिसू लागला की आधी एक प्रत कागदावर छापून घ्यावी. युनिकोडात बदलून देणाऱ्या आज्ञावल्या मिळतात, पण बदललेला मजकूर घरातल्या जाणत्या माणसाला एकदा वाचून दाखवावा. आणि नवे लिहिताना युनिकोडातच लिहावे, मुलांनाही तेच शिकवावे.

अण्णांची शेवटची दोन प्रकरणे मिळाली नाहीत. पहिल्या फाइलीत अनुक्रमणिका आहे, तीवरून आठवे ‘संप’ आणि नववे ‘निवृत्ती’ एवढे कळते. मी हळहळत होते. आई म्हणाली, “संपाचं मला विचार की. ते दारावर झेंडा घेऊन उभे होते, घर मी चालवत होते. साठ डबे करायचे रोज.”

मी उत्साहाने लॅपटॉप पुढे ओढला. आईने तो हाताने मिटला आणि शिवणाच्या पेटीवरची दोनशे पानी वही माझ्यापुढे सरकवली.

“आधी यात लिही. मग त्यात घाल,” ती म्हणाली. “आणि ही वही रद्दीला द्यायची नाही.”